न लढलेल्यांचे युद्ध

१९१५ साली ब्रिटनमध्ये सैन्यभरतीसाठी एक भित्तिपत्रक छापले गेले. सॅव्हिल लम्ली या चित्रकाराने काढलेले. त्यात बंदूक नाही, खंदक नाही, शत्रूही नाही. एका सुखवस्तू घरातली बैठकीची खोली आहे. मध्यमवयीन गृहस्थ आरामखुर्चीत बसला आहे. मांडीवर मुलगी, तिच्यासमोर उघडे पुस्तक. पायाशी मुलगा खेळण्यातले शिपाई मांडतो आहे. मुलगी विचारते आहे, 'बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत?' बाप तिच्याकडे पाहत नाही, मुलाकडेही पाहत नाही. तो चित्राबाहेर, म्हणजे आपल्याकडे, पाहतो आहे.

युद्ध ऐन भरात असताना काढलेल्या या चित्रात युद्ध संपून गेलेले आहे. भरती करणाऱ्यांनी माणसाला शत्रूची भीती घातलेली नाही. त्याच्याच पुढच्या आयुष्याची घातली आहे. ही कल्पना आर्थर गन नावाच्या छपाई व्यावसायिकाची, असे त्याच्या मुलाने पुढे सांगितले. भरती व्हावे की नाही अशा घालमेलीत तो होता. आपण गेलो नाही आणि उद्या आपल्याच मुलाने विचारले तर, असे त्याच्या मनात आले. त्याने ते चित्रकाराला सांगितले आणि थोड्याच दिवसांत स्वतःही स्वयंसेवक दलात दाखल झाला. म्हणजे या जाहिरातीचे पहिले गिऱ्हाईक तिचा जनकच होता.

मी हे चित्र एका इतिहासाच्या पुस्तकात पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझी मुलगी चार-पाच वर्षांची होती. १९७१च्या डिसेंबरात मी एकवीस वर्षांचा होतो, धडधाकट होतो आणि मुंबईतल्या एका वसतिगृहात खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवत होतो. मुलीने मला असे काही कधी विचारले नाही. तरीही त्या चित्रातल्या बापाची नजर मला ओळखीची वाटली. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला: होऊन गेलेल्या युद्धात आपण लढलो नाही, याची खंत माणसांना खरोखर वाटते का? वाटत असेल, तर नेमकी कशाची? या निमित्ताने वाचत गेलो, तसे लक्षात आले की 'खंत' हा एकच शब्द आपण निदान दोन-तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो.

*

पहिली खंत जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज विद्वानाने १७७८ साली गप्पांच्या ओघात असे म्हटल्याचे त्याचा चरित्रकार बॉझवेल याने नोंदवून ठेवले आहे, की जो कधी शिपाई झाला नाही किंवा समुद्रावर गेला नाही, असा प्रत्येक पुरुष मनातून स्वतःला थोडा कमी लेखतो. जॉन्सन स्वतः कधी लढाईवर गेलेला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे हे वाक्य नुसता सिद्धान्त राहत नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने या भावनेचा वापर रीतसर करून घेतला. जानेवारी १९१६मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. तोपर्यंत सगळी भर स्वेच्छेने येणाऱ्यांवर होती, आणि स्वेच्छा जागी करायला लाजेसारखे साधन नाही. ऑगस्ट १९१४मध्ये फोकस्टन या गावी एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने तीस बायका जमवल्या आणि साध्या कपड्यांत फिरणाऱ्या तरुणांना भेकडपणाची खूण म्हणून पांढरी पिसे वाटायला लावली. ही टूम देशभर पसरली. रजेवर आलेले, जखमी होऊन परतलेले सैनिकही तीत सापडले. शेवटी सरकारला १९१६मध्ये लष्करातून सन्मानाने मोकळे केलेल्यांसाठी चांदीचा एक बिल्ला काढावा लागला. कोटावर तो दिसला म्हणजे पिसे देणारी पुढे जाई.

पण मला जास्त विचारात पाडले ते लहान वयामुळे युद्ध हुकलेल्या मुलांनी. त्यांना कोणी पीस दिले नव्हते, द्यायचे कारणच नव्हते. ख्रिस्तोफर इशरवुड हा कादंबरीकार १९०४चा. त्याचे वडील लष्करी अधिकारी. मे १९१५मध्ये ईप्रच्या आघाडीवर ते मारले गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. शाळेत तो 'वीराचा मुलगा' झाला, आणि ते बिरुद त्याला जन्मभर जड गेले. १९३८च्या 'लायन्स अँड शॅडोज' या आत्मकथनपर पुस्तकात तो सांगतो, की विशीतल्या आम्हा लेखकांना, आपले वय युद्धात जाण्याइतके नव्हते याची एक आतली शरम होती. युद्ध म्हणजे त्यांच्या लेखी एक कसोटी होती: तुझे धैर्य, तुझे पुरुषपण, तुझे शहाणपण यांची. परीक्षा होऊन गेली आणि आपल्याला बसताच आले नाही. मग उत्तीर्ण झालो असतो की नापास, हे कळायला काही मार्गच नाही.

जॉर्ज ऑर्वेल त्याच्याहून एका वर्षाने मोठा. युद्ध थांबले तेव्हा पंधरा वर्षांचा. १९४०मध्ये लिहिलेल्या एका निबंधात तो प्रामाणिकपणे सांगतो, की युद्धानंतर लगेच आम्ही पोरे युद्धाची टिंगल करत होतो. पण जसजशी वर्षे गेली तसतसे, थोडक्यात हुकलेल्या माझ्या पिढीला, आपल्या हातून किती प्रचंड अनुभव निसटला हे जाणवू लागले. ज्यांचा तो हुकला होता त्यांना आपण माणूस म्हणून जरा उणे आहोत असे वाटे. माझ्या वयाच्या लोकांना स्पेनच्या यादवी युद्धाची जी ओढ लागली तिचे एक कारण ते महायुद्धासारखे होते हेच, असेही तो म्हणतो. ऑर्वेल १९३६च्या डिसेंबरात स्पेनला गेला. २० मे १९३७ रोजी वेस्काच्या आघाडीवर त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. तो थोडक्यात वाचला. तो फॅसिझमशी लढायला गेला होता यात शंका नाही. पण त्या निर्णयात एका पंधरा वर्षांच्या मुलाचाही वाटा होता, हे त्याने लपवले नाही.

ही खंत मी कमी लेखत नाही. मात्र तिचे तोंड पूर्णपणे स्वतःकडे आहे. तिच्यात युद्ध म्हणजे एक संधी आहे. त्यात मेलेली माणसे, ती कुणाची मुले होती, युद्ध बरोबर होते की चूक, यांपैकी काहीच तिला फारसे दिसत नाही.

*

दुसरी खंत समजून घ्यायला अमेरिकेत जावे लागते. ऑक्टोबर १९७५मध्ये, म्हणजे सायगाव पडल्यावर काही महिन्यांनी, 'वॉशिंग्टन मंथली' या मासिकात जेम्स फॅलोज या तरुण पत्रकाराचा एक लेख आला. त्याचे शीर्षक लम्लीच्या भित्तिपत्रकावरूनच घेतलेले होते, एक शब्द बदलून: 'बाबा, वर्गयुद्धात तुम्ही काय केलंत?'

त्याची पार्श्वभूमी अशी. व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकेत सक्तीची भरती होती, पण तिला पळवाटा पुष्कळ होत्या. कॉलेजात शिकणाऱ्यांना तहकुबी मिळे. ओळखीच्या डॉक्टरचे पत्र चाले. भरतीत सरसकटपणा यावा म्हणून १ डिसेंबर १९६९ रोजी दूरचित्रवाणीसमोर सोडत काढली गेली. वर्षातल्या ३६६ तारखा निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घालून काचेच्या भांड्यात टाकल्या होत्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेल्यांचा क्रमांक एक. पुढच्या वर्षी १९५ क्रमांकापर्यंतच्या तरुणांना बोलावणे गेले. फॅलोज हार्वर्डच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याचा क्रमांक ४५ होता.

वैद्यकीय तपासणीसाठी त्याला बॉस्टनच्या नौदल गोदीत बोलावले गेले. सहा फुटांवर उंची असलेल्या या मुलाने उपाशी राहून वजन एकशेवीस पौंडांच्या आसपास आणले होते. आत्महत्येचे विचार येतात का, असे डॉक्टरने विचारल्यावर त्याने संधी साधली आणि आपले मन अस्थिर असल्याचे सांगितले. डॉक्टरने त्याच्याकडे पाहिले आणि कागदावर 'अपात्र' असे लिहिले. त्याला सुटल्यासारखे वाटले, आणि त्याच क्षणी लाजही वाटली. हार्वर्डच्या मुलांची तपासणी आटोपत असताना चेल्सी या कामगारवस्तीतल्या मुलांच्या बसगाड्या येऊन थांबल्या. नुकतीच शाळा संपवलेली पोरे. सुटायला काय सांगायचे असते हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. फॅलोजच्या अंदाजाने त्याच्या पाच मित्रांतले चार सुटले. चेल्सीच्या मुलांचे प्रमाण नेमके उलटे होते.

ही खंत इशरवुडच्या खंतीसारखी नाही. फॅलोजला कसोटी हुकल्याचे दुःख नाही. व्हिएतनामचे युद्ध चुकीचे होते हे त्याचे मत कायम आहे. त्याला बोचते ते हे, की सैन्याला लागणारी संख्या ठरलेली होती; मी नाही म्हटल्यावर ती जागा रिकामी राहिली नाही, तिथे दुसरा कोणी गेला. त्याचा पुढचा मुद्दा अधिक कडू आहे. आपण भरती चुकवून युद्धयंत्राला खीळ घालतो आहोत, असे हे सुशिक्षित तरुण स्वतःला सांगत होते. प्रत्यक्षात त्यांनी युद्ध लांबवायला हातभार लावला. हार्वर्डची मुले खरोखर आघाडीवर गेली असती, किंवा उघडपणे नकार देऊन तुरुंगात बसली असती, तर त्यांच्या वजनदार आईबापांनी राजधानीत इतका गदारोळ केला असता की युद्ध आधीच संपले असते. उपाशी राहून वजन घटवणाऱ्याने फक्त स्वतःची सुटका केली.

फॅलोज एकटा नव्हता. बास्कर आणि स्ट्राउस या दोघांनी १९७८च्या पुस्तकात मांडलेल्या हिशेबाप्रमाणे त्या काळात भरतीच्या वयाचे सुमारे २ कोटी ६८ लाख अमेरिकन पुरुष होते. त्यांतले सुमारे २२ लाख सक्तीने घेतले गेले, सुमारे ८७ लाख स्वतःहून दाखल झाले, आणि जवळपास १ कोटी ६० लाख कधीच सैन्यात गेले नाहीत. त्यांतले बहुतेक कायदेशीर सवलतींनी सुटले. कायदा न मोडता सुटलेल्यांची ही सगळी पिढी मनात काय घेऊन जगली, याची झलक बिल क्लिंटनच्या एका पत्रात दिसते. सोडतीनंतर दोनच दिवसांनी, ३ डिसेंबर १९६९ला, तेवीस वर्षांच्या क्लिंटनने आपल्याला भरतीतून वाचवल्याबद्दल एका लष्करी अधिकाऱ्याचे आभार मानले. त्याच पत्रात त्याने कबूल केले, की मी स्वतःशी केलेली ही तडजोड भरतीपेक्षाही आक्षेपार्ह तर नाही ना, असे मला वाटू लागले आहे. १९९२च्या निवडणुकीत ते पत्र बाहेर आले आणि त्यावर वादळ उठले. वादळ 'तू का गेला नाहीस' याचे होते. पत्रातला खरा प्रश्न मात्र 'तू कसा सुटलास' हा होता.

*

मग प्रश्न येतो: गेलेल्यांचे काय? टिम ओब्रायन या लेखकाला १९६८च्या उन्हाळ्यात, पदवी मिळाल्याबरोबर, भरतीचा कागद आला. युद्धाला त्याचा विरोध होता. तरी तो गेला. त्याच्या १९९०मध्ये आलेल्या पुस्तकातल्या एका कथेत त्याच्याच नावाचा निवेदक कॅनडाच्या हद्दीवरच्या नदीपर्यंत पोचतो. पलीकडचा काठ पोहून जाण्याइतका जवळ असतो. पण गावातले लोक काय म्हणतील या विचाराने त्याला होडीतून उतरवत नाही. युद्धावर जाणे हाच आपला भेकडपणा होता, असा तो निवाडा देतो. म्हणजे ज्या लाजेने एकाला घरी बसल्याचा डंख दिला, तिनेच दुसऱ्याला आघाडीवर ढकलले.

आणि ज्यांना खंत वाटली नाही, असेही होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सुमारे १६ हजार जणांनी सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून लढायला नकार दिला. त्यांतले सुमारे ६ हजार तुरुंगात गेले. मुहम्मद अलीने २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या भरतीकेंद्रात आपले नाव पुकारल्यावर पाऊल पुढे टाकले नाही. त्याचे जगज्जेतेपद काढून घेतले गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली. तो जामिनावर बाहेर राहिला आणि १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण उमेदीची तीन-साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली ती गेलीच. अलीने हा निर्णय कधी नाकारला नाही. फॅलोजला जे जमले नाही ते या लोकांनी केले होते. त्यांच्या नकाराची किंमत त्यांनी स्वतः भरली, दुसऱ्याच्या नावावर टाकली नाही. त्यामुळे माझी अशी समजूत झाली आहे, की खंत वाटणार की नाही हे लढण्या-न लढण्यावर फारसे अवलंबून नसते. आपल्या निर्णयाचे बिल कोणाकडे गेले, यावर असते.

*

आपल्याकडे हा विषय निघाला की गीतेकडे वळावेच लागते, कारण शस्त्र खाली ठेवणाऱ्याची सर्वांत मोठी कथा आपल्याच घरची आहे. लम्लीच्या भित्तिपत्रकातला युक्तिवाद दुसऱ्या अध्यायात चक्क कृष्णाच्या तोंडी आहे: तू भिऊन पळालास असे हे महारथी म्हणतील, आणि मानी माणसाला अपकीर्ती मरणाहून वाईट. पण कृष्ण तेवढ्यावर थांबत नाही. ते पुरेसे असते तर पुढचे सोळा अध्याय लागलेच नसते. 'लोक काय म्हणतील' पासून सुरू झालेला संवाद 'तुझे कर्तव्य कोणते' या प्रश्नाकडे जातो. टिळकांचे 'गीतारहस्य' छापून बाहेर आले तेही १९१५मध्येच, म्हणजे त्या भित्तिपत्रकाच्याच वर्षी.

आणि इथे इशरवुड पुन्हा भेटतो. १९३९च्या जानेवारीत तो अमेरिकेला गेला आणि हळूहळू शांततावादी झाला. दुसरे महायुद्ध, म्हणजे ज्या परीक्षेची तो वाट पाहत होता तीच, आली तेव्हा त्याने शस्त्र घेतले नाही. युरोपातून आलेल्या निर्वासितांसाठी क्वेकर पंथीयांनी चालवलेल्या वसतिगृहात काम केले. त्याच काळात स्वामी प्रभवानंदांबरोबर त्याने गीतेचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९४४मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धाला नकार देणाऱ्याने अर्जुनाला 'ऊठ' सांगणारा ग्रंथ भाषांतरासाठी घ्यावा, याचे त्यालाही कोडे पडले असावे. कारण गीता आणि युद्ध या विषयावर त्याने वेगळा निबंधच लिहिला. गीता युद्धाला सरसकट मान्यता देत नाही आणि सरसकट निषेधही करत नाही, असे त्याचे म्हणणे. अर्जुनाचे कर्तव्य अर्जुनाचे. दुसऱ्याला आपले शोधावे लागते. वडिलांच्या मरणापासून पाठीस लागलेली 'कसोटी' त्याने बहुधा इथे खाली ठेवली.

*

भारताच्या सैन्यात सक्तीची भरती कधीच नव्हती. १९६३ ते १९६८ कॉलेजात एनसीसी सक्तीची होती. तिचे शेवटचे वर्ष माझ्या वाट्याला आले, आणि माझे लष्करी शिक्षण तेवढेच. म्हणजे 'माझ्या जागी दुसरा गेला' असे म्हणायला कायद्याने मला वाव नाही. पण मी सातारा जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे अपशिंगे या गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथे आहे. जिथे जमीन कोरडवाहू आणि खाणारी तोंडे जास्त, तिथे स्वेच्छा कशाला म्हणायचे हे चेल्सीच्या मुलांइतकेच आमच्या गावच्या पोरांनाही ठाऊक होते.

माझा थोरला चुलतभाऊ मॅट्रिकला गणितात गेला आणि भरतीला उभा राहिला. माझी वसतिगृहाची फी त्याच्या मनीऑर्डरीतून जात असे. मी खिडकीला कागद चिकटवत होतो तेव्हा तो पश्चिम आघाडीवर होता. परत आला तो एका कानाने ऐकेनासा होऊन. मी प्राध्यापक झालो, त्याने निवृत्तीनंतर गावी शेती केली. दिवाळीला भेटायचो, फराळ व्हायचा, पिकापाण्याच्या गोष्टी निघायच्या.

हे सगळे वाचून झाल्यावर, तो सत्तरीत असताना, मी एकदा धीर करून त्याला विचारले, "दादा, मी नाही आलो सैन्यात, तुला कधी वाटलं का रे त्याचं काही?"

तो हसला. म्हणाला, "तुला चष्मा. बांधावरनं पळवलं तरी धापा टाकायचास. अन् तू आला असतास तर मी फी कुणाची भरली असती?" मग जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. तिकडं काय झालं, हे तू मला एकदापण इचारलं नाहीस."

मी इतकी वर्षे फॅलोज वाचला, ऑर्वेल वाचला, आपली खंत कोणत्या जातीची ते ठरवत बसलो. लम्लीच्या चित्रातली मुलगी ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही त्याला प्रश्न विचारते. आमच्या घरात ज्याच्याकडे होते त्याला कोणीच विचारले नव्हते, आणि ज्याने विचारायला हवे होते तो मीच होतो. १९७१मध्ये मी आघाडीवर असायला हवे होते असे मला आज वाटत नाही. त्यानंतरच्या चव्वेचाळीस दिवाळ्यांपैकी एखाद्या दिवाळीला त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसायला हवे होते, असे मात्र वाटते.

त्या रात्री मी खुर्ची सरकवून त्याच्या उजव्या बाजूला घेतली आणि विचारले. तो पहाटेपर्यंत बोलत होता.